मंदीत तेजी कशी साजरी करावी

बेळगावात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून जाताना मागांचा खडखडाट पूर्वीसारखा ऐकू येत नाही, म्हणून देशाचे काही खरे नाही असा निष्कर्ष आपण काढला असेल, तर तो कृपया मागे घ्यावा. अर्थव्यवस्था कानांनी ऐकायची नसते. ती मोबाइलवर, शेअर बाजाराच्या हिरव्या आकड्यांत पाहायची असते.

२०२० सालचाच धडा गिरवावा. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी कोसळून २६ हजारांच्या खाली गेला, तेव्हा आपण घाबरलात हे क्षम्य आहे. मात्र एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याची बातमी ऑगस्टअखेर आली, तोवर तोच सेन्सेक्स ३८ हजारांवर जाऊन बसला होता आणि पुढच्या जानेवारीत त्याने ५० हजारांना स्पर्शही केला. एवढ्या काळात उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीची भट्टी पुन्हा पेटलीच नाही, तिच्या मालकाने हा आलेख पाहिला नसावा, एवढेच म्हणता येईल.

सेन्सेक्समध्ये तीसच कंपन्या असतात आणि मागे पडलेल्या कंपनीला वेळोवेळी वगळून तिच्या जागी सरस कंपनी घेतली जाते. नापासांची नावे पटावरून काढून निकाल उत्तम लावण्याची ही पद्धत आपल्याकडच्या काही शाळांनाही अपरिचित नाही. शिवाय यांतल्या संगणक कंपन्यांची कमाई डॉलरांत होत असल्याने रुपया घसरला तरी त्यांचे बिघडत नाही, उलट साधते. निपाणीच्या विडी कामगार बाईने आपली मजुरी डॉलरांत का मागितली नाही, हे तिलाच विचारावे.

आता व्याजाचे पाहू. अर्थव्यवस्था खंगली की रिझर्व्ह बँक दर उतरवते. मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आला. ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या टिळकवाडीच्या निवृत्त काकांना ते पुरेनासे झाले, म्हणून त्यांनी पैसे म्युच्युअल फंडात हलवले. तिकडे अमेरिकेतही व्याज शून्याजवळ आल्याने परदेशी पैसा इथे आला आणि भाव चढले. म्हणजे औषध घ्यावे लागले हीच प्रकृती सुधारल्याची खूण मानायची. त्यातून बाजार आजचा नफा पाहत नाही, पुढच्या वर्षांचा पाहतो, आणि व्याज जितके कमी तितकी त्या उद्याच्या नफ्याची आजची किंमत जास्त. ज्या सीमाभागाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथल्या माणसाला उद्याच्या आशेवर आज काढण्याचे तंत्र वेगळे शिकवण्याची गरज नसावी.

राहिला आपला शेजारी, ज्याने चार माग बंद केले. त्याचे गिऱ्हाईक नाहीसे झालेले नाही, ते मोठ्या कंपनीच्या साखळी दुकानात गेले आहे आणि तिथे त्या कंपनीच्या नफ्यात, पर्यायाने शेअरच्या भावात, सुखरूप आहे. तेजीला त्याने स्वतःच्या धंद्याने हातभार लावला, हे त्याला समजावून सांगावे. त्यावर माग भंगारात विकताना लोखंडाला दर बरा मिळाला, एवढेच तो म्हणाला, तर धातूंच्या शेअरसाठी ही बातमी कशी आहे ते लगेच मोबाइलवर तपासावे.