अनुदान यंत्राला मिळतं, बांधावरच्या काडीला नाही

द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकली की आमच्या निफाडच्या शिवारात संध्याकाळी धूर उठायला लागतो. द्राक्षाच्या काड्या बांधावर टाकायच्या, थोड्या वाळल्या की पेटवायच्या. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं.

दोन वर्षांपूर्वी ठरवलं, आता जाळायच्या नाहीत. काडीकचरा दाबून जळणाच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, बनवणाऱ्या एका कारखान्यात फोन केला. त्यांचा माणूस आला, ढिगात हात घालून मूठभर काड्या ओढल्या. सोबत बांधणीची सुतळी आणि तारेचा तुकडाही निघाला. एक काडी वाकवून पाहिली, मोडेना. म्हणाला, "दादा, ओली आहे. आणि ट्रॅक्टर तुमचा." त्याने दिलेला भाव डिझेललाही पुरत नव्हता. शेवटी तो ढीग जाळावा लागला, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून सरकारं बायोमासच्या, म्हणजे काडीकचरा, लाकूड, पिकांपासूनच्या, विजेला पैसे कसे देतात ते वाचत आलोय. जर्मनीने 2000 साली कायदा करून युनिटमागे 20 वर्षांचा ठरलेला दर दिला. 2004 मध्ये खास विजेसाठी पिकवलेल्या मालाला वर बोनस ठेवला आणि बायोगॅससाठी मका वावरभर पसरला. 2012 ला मक्यावर 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, 2014 ला नव्या प्रकल्पांचा बोनसच काढला. ब्रिटनने 2002 पासून वीज विकणाऱ्या कंपन्यांना हरित विजेची प्रमाणपत्रं दाखवायला लावणारी पद्धत आणली. तिकडचं ड्रॅक्सचं कोळशाचं वीजकेंद्र लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांवर, आलं, पण पेलेट बरेचसे अमेरिकेतून जहाजाने येतात. सरकार ज्याला पैसे देतं, तेच पिकतं आणि तेच येतं.

आपल्याकडे 2022 च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ब्रिकेट-पेलेट कारखान्याला ताशी टनाच्या क्षमतेमागे 9 लाख रुपये, जास्तीत जास्त 45 लाख ठरवले होते. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, सोडून इतर बायोमासच्या सहवीजनिर्मितीला (एकाच जळणातून कारखान्याची वाफ आणि वीज) मेगावॅटमागे 40 लाख. म्हणजे पैसा यंत्राला. साखर कारखान्यांची सहवीज चालते, कारण चोथा उसाबरोबर गव्हाणीतच येतो, गोळा करायला वेगळा खर्च नाही. आमच्या काड्या मात्र शंभर बांधांवर विखुरलेल्या.

दुसरीकडे, कोळशाच्या वीजकेंद्रांनी कोळशात काही टक्के बायोमासचे पेलेट मिसळावेत असं केंद्र सरकारचं धोरण आहे. नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं 630 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत. गिऱ्हाईक जवळ, माल जवळ, मधली साखळी कुठेच नाही.

मला वाटतं, पैसा गावपातळीवर द्यावा. सोसायटीला किंवा शेतकरी कंपनीला काडी तोडायचं यंत्र, वाळवायला शेड, आणि वाळलेल्या मालाच्या वजनावर टनामागे रक्कम. मात्र दर इतकाही नको की जमिनीत कुजवायची काडीसुद्धा विकली जाईल. शेजारचे अण्णा काड्या बारीक करून ओळीतच टाकतात, त्यांची माती बघितली की त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही.

यंदाचा ढीग पूर्वेच्या बांधावर आहे, अवकाळीच्या धास्तीने वर ताडपत्री टाकलीये, सुतळी-तारा हाताने वेचल्यात. निफाड-दिंडोरीत कुणी काड्या वाळवून, वजन करून विकल्या असतील तर भाव आणि अंतर दोन्ही खाली लिहा.