वॉट वाढवून श्रोते येत नाहीत

छोट्या एएम (मीडियम वेव्ह) रेडिओ स्टेशनचे श्रोते घटले की सल्ला ठरलेला: पॉवर वाढवा. माझ्या मते यापेक्षा महागडा आणि कुचकामी सल्ला नाही. 1 किलोवॉटचे 2 किलोवॉट केले की विजेचं बिल जवळपास दुप्पट होतं, सिग्नलची तीव्रता मात्र वाढते जेमतेम 41 टक्के. कानाला हा फरक मोठ्या मुश्किलीने कळतो.

आधी मनोऱ्याखालची जमीन बघा. एएममध्ये मनोरा हाच अँटेना, आणि जमीन त्याचा दुसरा अर्धा भाग. 1000 किलोहर्ट्झला तरंगलांबी 300 मीटर, म्हणून पाव लांबीचा मनोरा 75 मीटर. त्याच्या बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या 120 तांब्याच्या तारा, प्रत्येक साधारण तेवढ्याच लांबीची, जमिनीत पुरतात. म्हणजे 9 किलोमीटर तांबं! चोरांचा डोळा असणारच. शिवाय खोदकामात तारा तुटतात, सांधे गंजतात, आणि वरून काहीच दिसत नाही. ट्यूनिंग जुळवून घेतलं की ट्रान्समीटरचा मीटर पुन्हा पूर्ण वॉट दाखवतो, आणि सगळे निर्धास्त. खर्च वाचवायला मनोरा निम्म्याच उंचीचा उभारला असेल तर हाल आणखी वाईट. त्याचा विकिरण रोध, म्हणजे लहरी बनून बाहेर पडणाऱ्या पॉवरचं माप, 6-7 ओहमच भरतो. जमिनीतल्या तोट्याचा रोधही तेवढाच असला तर अर्धी पॉवर माती तापवण्यात जाते. म्हणून दरवर्षी ठरलेल्या आठ-दहा ठिकाणी फील्ड स्ट्रेंथ (सिग्नलची तीव्रता) मोजून लिहून ठेवावी. आकडे घसरले की फावडं घ्या, नवा ट्रान्समीटर नको.

मग आवाज. स्वस्त रेडिओ 3-4 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाहीत. बँडच्या खालच्या टोकाला तर अँटेनाची ट्यूनिंगही अरुंद असते, त्यामुळे साइडबँड (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंचा, आवाज वाहणारा भाग) स्टेशनातच कापले जातात आणि निवेदक तोंडावर उशी धरून बोलतोय असं वाटतं. अँटेनाचा इम्पिडन्स (विजेला होणारा एकूण अडथळा) फक्त मूळ फ्रिक्वेन्सीवर मोजून भागत नाही, दोन्ही बाजूंना 10 किलोहर्ट्झपर्यंत मोजा. खर्जाला आवर घाला: छोट्या स्पीकरमधून तो वाजत नाही, मॉड्युलेशन (लहरीवर आवाज चढवायची मोजकी जागा) मात्र खातो. आवाज भरीव करणारा प्रोसेसर चढवताना ऋण बाजूला, म्हणजे लहर दबते त्या बाजूला, 100 टक्के ओलांडू नका. कॅरियर (मूळ लहर) तुटतो आणि शेजारच्या चॅनेलवर फटफट सुरू होते. आणि निकाल स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर नाही, खिशातल्या रेडिओवर लावा.

एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर तुमच्या हातात नाही. रात्रही नाही. सूर्यास्तानंतर वातावरणातला, दिवसा या लहरी शोषून घेणारा डी थर विरतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरची दूरची स्टेशनं तुमच्यावर चढतात. म्हणून सगळ्यात मोलाचा कार्यक्रम सकाळी ठेवा, रात्री नऊला नव्हे.

गाण्यांत एफएम आणि फोनशी स्पर्धा करणं तर शुद्ध हट्ट आहे. अरुंद बँडवर शोभतं ते बोलणं: बंद रस्ते, पाणी कधी येणार, कोण गेलं, कुठे काय भावाने विकलं. आणि रोज त्याच मिनिटाला. ज्यांच्याकडे स्टेशन लागतच नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर स्ट्रीम द्या, फक्त त्यावर घड्याळ लावायला सांगू नका. तो मागे चालतो, कधी कधी अर्धा मिनिटसुद्धा.