‘अपघात झाला तरी पीएफ सुरक्षित’ असं कुणी म्हटलं तर

वाळूज, शेंद्रा, जालना या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कंपनीत अपघात झाला तरी घाबरू नका. ईएसआय पगार देतं, पीएफ चालूच राहतो. दवाखान्याला पैसे कमी पडले तर पीएफ काढा. दहा वर्षं भरली नसतील तर पेन्शन विसरा.’ मी गेली काही वर्षं कामगारांचे पीएफ-ईएसआयचे कागद भरून देतो, म्हणून हे वाचून राहवलं नाही.

‘ईएसआय पगार देतं.’ महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. कामावर जखमी होऊन घरी बसावं लागलं तर मजुरीच्या साधारण ९० टक्के पैसे मिळतात, आणि त्यासाठी किती महिने भरणा झाला हे बघत नाहीत. पण ती मदत आहे, पगार नाही. तिच्यातून पीएफ कापला जात नाही.

म्हणजे ‘पीएफ चालूच राहतो’ हे चूक. जुन्या शिलकीवर व्याज चढत राहतं, नवा भरणा मात्र थांबतो. १५,००० बेसिकवर कामगाराचे १,८०० आणि मालकाचे ५५० असे २,३५० रुपये महिन्याला पीएफात पडतात. मालकाचे आणखी १,२५० पेन्शनकडे जातात. तेहतीस वर्षांचा गडी आठ महिने घरी राहिला तर १८,८०० रुपये बुडाले. आजचा ८.२५ टक्के व्याजदर कायम धरला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी तेच सुमारे १ लाख ३६ हजार झाले असते. हा खड्डा मागाहून भरा म्हणून मालकाला सांगता येत नाही. कामावर परतल्यावर स्वतःच्या पगारातून १२ टक्क्यांपेक्षा जास्त कापून घेता येतं, पण जास्तीच्या कपातीवर मालक आपला वाटा वाढवेलच असं नाही.

सगळ्यात घातक सल्ला ‘पीएफ काढा’ हा. प्रेस मशीनवर बोटं गेली की कंपनीतलं कुणीतरी कानात सांगतं, ‘घरी पडलो म्हण, बिलाचं आम्ही बघतो.’ घाबरलेला माणूस खासगी दवाखान्यात जातो. पहिलं बिल कंपनी भरते, दुसऱ्याला हात वर करते, मग पीएफचा फॉर्म निघतो. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं इथंच बिघडलेली असतात. अपघात कामावरचा म्हणून नोंदला असता तर उपचार ईएसआयकडून मोफत झाले असते. आणि अपंगत्व कायमचं राहिलं तर मेडिकल बोर्डानं ठरवलेल्या टक्क्यांप्रमाणे दरमहा पैसे मिळाले असते, तेही पुढं दुसरीकडं कामाला लागलं तरी. म्हणून अपघाताच्या नोंदवहीत आपलं नाव, तारीख, वेळ आणि मशीन चढलंय का हे त्याच दिवशी डोळ्यांनी बघा. आपण दवाखान्यात असू तर बायकोनं, भावानं जाऊन बघावं.

दहा वर्षांची अट साध्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर पेन्शनला एका महिन्याचा भरणाही पुरतो. अर्ज फॉर्म १०-डी वर करायचा, वैद्यकीय तपासणी होते. आपलं वय कमी, नोकरी दोनच वर्षांची, असं मनाशी धरून कितीतरी जण तो फॉर्म मागतच नाहीत.