झेरॉक्सवर भागवा

मागच्या महिन्यात मी दुय्यम निबंधकांच्या एका कार्यालयात सकाळी साडेदहापासून बसून होतो. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कारण तिथे फोटो काढतात. खिशात पॅन आणि आधार, बाजूला दोन साक्षीदार, आणि त्या दोघांच्या नाश्त्यापाण्याची जबाबदारी माझ्यावर. साडेतीनला सर्व्हर आला आणि पावणेचारला माझा प्लॉट गेला. त्या दिवशी जे ज्ञान मिळालं त्याचे मला दोन लाख रुपये पडले. नागपुरात घर-प्लॉट घेणाऱ्या आणि विकणाऱ्या माझ्या बांधवांना ते इथे फुकट देतो आहे.

सगळ्यात आधी, वकील करू नका. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जमीन कोणाकोणाच्या नावावर होती त्याचा शोध, काढून द्यायचे तो काही हजार मागतो. तेहतीस लाखांच्या व्यवहारात ही उधळपट्टी कशाला? तेवढ्यात हॉलचे पडदे येतात. शिवाय वकील भलतंसलतं विचारतो. मूळ शेतमालक कोण, बहिणींनी हक्क सोडले का, सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे का. मंडळी चहा पिऊन खुशीत बसली असताना असं अशुभ बोलणारा माणूस कोणाला हवा असतो? त्यापेक्षा साडभाऊ न्या. आमचे साडभाऊ बेसा रोडच्या पलीकडे त्या प्लॉटवर उभे राहिले, वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "माती एक नंबर आहे, भाऊजी." होती ना. काळीभोर. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, एक नंबर. घराच्या पायाला ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे इंजिनिअर सांगतो, पण इंजिनिअरही फी घेतो.

ब्रोकर निवडताना त्याचा स्वभाव पाहा. घर-प्लॉटच्या धंद्यावर लक्ष ठेवणारं महारेरा २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये त्यांनी एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, सर्टिफिकेट लागतं, नोंदणी क्रमांक लागतो. हे सगळं खरं. पण ज्या माणसाने पहिल्याच भेटीत माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याला मी सर्टिफिकेट मागू? एकदा हळूच विचारलं, तर तो दुखावला. "काऊन जी, आपल्या माणसावर विश्वास नाही का?" मी ओशाळलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, माणूस चांगला आहे.

प्लॉट पाहायला जानेवारीतच जा. पावसाळ्यात गेलात तर प्लॉटमधून नाला जातो की नाल्यातून प्लॉट, हे कळण्याची भीती असते. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या लोकांच्या पलंगाखालून भांडी तरंगत गेली. ती घरं घेतानाही कोणीतरी "इथे पाणी येत नाही" असं म्हटलंच असेल.

दिशा मात्र नीट तपासा. मोबाइलमधला होकायंत्र काढा, ईस्ट फेसिंग असेल तर फुटामागे जास्त द्या. प्लॉट कायद्याने अस्तित्वात आहे का, हे नंतर बघता येतं.

पार्किंग विकत मागतात? द्या. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच म्हटलंय की उघडं आणि स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, पण कोर्ट दिल्लीत आहे आणि तुमची गाडी मनीषनगरात.

सुपर बिल्टअपला, म्हणजे जिना-लिफ्टसकट मोजलेल्या फुटांना, कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, समजा, घर आपोआप मोठं वाटेल.

बायकोवर प्रेम असेल तर रजिस्ट्रीच्या आठवड्यात दाखवा. घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. आधी अट होती की १५ वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये तीही गेली. तेव्हापासून कितीतरी नवऱ्यांच्या तोंडी "सगळं तिचंच आहे" ऐकतो. सही कुठे करायची ते मात्र तेच बोट ठेवून दाखवतात.

विकणाऱ्यांनाही उपाशी ठेवत नाही. २३ जुलै २०२४ पासून जमीन-घराच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सवलत, न देता १२.५ टक्के कर लागतो. त्या तारखेआधीची मालमत्ता असेल तर इथे राहणाऱ्या माणसाला जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशन धरून २० टक्क्यांनी, हिशेब करून कमी बसेल तेवढा भरायची मुभा आहे. वडिलांनी त्रिमूर्तीनगरात ८६ साली बांधलेलं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. हा हिशेब अजिबात करू नका. सीएकडे जाऊ नका. पैसे मुलीच्या लग्नात खर्च करा आणि नोटीस आली की "सरकार मध्यमवर्गाला जगू देत नाही" म्हणा. घेणाऱ्याने ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. तोही विसरा. उशिराचे दिवसाला २०० रुपये फार वाटत नाहीत, दिवस मोजेपर्यंत.

आता आरएल.

नागपूरच्या माणसाला आरएल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांनी एवढंच समजा, की अनधिकृत ले-आउटमधला प्लॉट नियमित झाल्याचं ते पत्र. ५७२ आणि १९०० हे अशा ले-आउटच्या याद्यांचे आकडे आम्हाला आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ आहेत. पण नवशिक्यांसाठी भाषेचा थोडा अभ्यास करून देतो. "आरएल आहे" म्हणजे झेरॉक्स आहे. "डिमांड भरली आहे" म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कसले तरी पैसे भरले आहेत. "आरएल होऊन जाईल" म्हणजे होणार नाही. आणि "आरएलची गरजच नाही, आता कायदा बदलला" म्हणजे चप्पल घाला आणि निघा. गुंठेवारीचा, म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ चा, कोणत्या तारखेपर्यंतचे प्लॉट त्यात बसतात ती मर्यादा २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली, मग जुलै २०२५ मध्ये विधानसभेत तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे विकायची मनाई, शिथिल करायची, एक गुंठ्यापर्यंतचे जुने व्यवहार नियमित करायचे, अशी घोषणा झाली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. माझा प्लॉट १५०० फुटांचा होता. पण त्या घोषणेनंतर प्रत्येक ब्रोकरच्या तोंडी एकच वाक्य, "भाऊ, आता सगळं ओपन झालं." काय ओपन झालं? कोणासाठी? कोणत्या तारखेआधीच्या व्यवहारांसाठी? विचारलं की तो मोबाइलवर बातमीचा फोटो दाखवतो, आणि त्या फोटोत मथळा असतो, मजकूर कापलेला असतो.

माझ्या व्यवहारात तर पत्रच होतं. म्हणजे झेरॉक्स होती. झेरॉक्सचीही झेरॉक्स. शिक्क्याच्या जागी गोल काळा डाग, जणू कोणी त्यावर गरम तवा ठेवला होता. सही म्हणजे एक केस पडला होता. पत्रात आकडे इंग्रजीत, प्लॉट क्रमांक ४७. मी तो कागद तीन महिने जपला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, देवघरात ठेवला, अक्षय्य तृतीयेला त्यावर हळदकुंकू वाहिलं. एकदाही उजेडात धरला नाही. खिडकीवरच्या माणसाने धरला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद ट्यूबलाइटकडे केला आणि विचारलं, "मूळ पत्र कुठाय?" विकणारा म्हणाला, "घरी राह्यलं साहेब." मग त्या माणसाने दस्तासोबत जोडलेला मंजूर ले-आउटचा नकाशा उलगडला आणि पेनाचं टोक ओळीने फिरवत गेला. ४१, ४२, ४३, ४४. तिथे थांबला. नकाशात ४४ च्या पुढे प्लॉट नव्हते. पुढे हिरवा रंग होता. बगीचा. मग त्याने झेरॉक्स परत हातात घेतली आणि ४७ मधल्या सातावर नख ठेवलं. तो सात नव्हताच. तो एक होता, त्याच्या डोक्यावर कोणीतरी आडवी रेघ मारली होती. पत्र ४१ चं होतं. ४१ वर दहा वर्षांपासून दोन मजली घर उभं आहे, दारात तुळस आहे, मी स्वतः त्या घरी पाणी मागून प्यायलो आहे. आणि आम्ही सहकुटुंब ज्या जागी नारळ फोडून आलो होतो, ती सार्वजनिक बाग होती.

पेनाने मारलेली एक रेघ! पाऊण सेंटिमीटर! आणि तो विकणारा माझ्या शेजारी पाच तास बसला होता हो. माझ्या पैशाने त्याने दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले. वरून म्हणतो, "तर्री थोडी कमीच हाये." मोबाइलवर त्याने मला नातवाचे फोटो दाखवले, मी "गोड आहे" म्हणालो. आणि खिडकीवर हे सगळं झाल्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? "आमालेबी असंच देल्लं होतं जी." म्हणजे त्यालाही कोणीतरी बगीचाच विकला होता, त्याला ते कळलं होतं, आणि त्यावर त्याने शोधलेला उपाय मी होतो.

तरी माझ्या हातात बयानापत्र होतंच. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीचा लाल शिक्का मारलेलं. आधी १०० च्या कागदावर फसता यायचं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून फसणंही महागलं. त्या पत्रात बयान्याची रक्कम लिहिली आहे ५० हजार, चेकने. मी दिले दोन लाख. उरलेले दीड लाख रोख, एका मंगळवारी संध्याकाळी, ब्रोकरच्या ऑफिसात, गणपतीच्या फोटोखाली मोजून. "थोडं कॅशमध्ये ठेवू, दोघांचंही भलं," असं ठरलं होतं. जमिनीच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मला माहीत होतं. दस्तातली किंमत रेडीरेकनरच्या सरकारी दरापेक्षा फार खाली दाखवली तर फरकावर दोघांनाही कर लागतो, हेही माहीत होतं. मग मी ते पैसे का दिले? सगळे देतात म्हणून दिले. माझ्या ऑफिसातले सगळे देतात. दर गुरुवारी पारायणाला बसणारे आमचे शेजारीही देतात. आता त्या दीड लाखाचा पुरावा म्हणून माझ्याकडे त्या संध्याकाळच्या गणपतीखेरीज कोणी नाही.

पुरे झाला तिरकसपणा. आता सरळ बोलतो.

विकणाऱ्या काका, तुम्हाला माहीत होतं. रेघ तुम्ही मारली की ब्रोकरने, मला कळायला मार्ग नाही, पण मूळ पत्र "घरी राह्यलं" हे म्हणताना तुमचा आवाज हलला नाही. तुम्ही निवृत्त माणूस आहात, तुम्हालाही कोणीतरी लुटलंय, म्हणून तुम्ही माझ्याकडे वळलात? ज्याने तुम्हाला विकलं त्याच्या दारात जायला पाहिजे होतं. त्याची तुम्हाला भीती वाटते. माझी वाटली नाही, कारण मी तुमच्यासारखाच पेन्शनकडे डोळे लावून बसलेला आहे.

ब्रोकर महाशय, त्या दिवशीपासून तुमचा फोन बंद आहे, पण व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी साडेसहाला सुविचार येतो.

आणि तुम्ही वाचणारे. हो, तुम्हीच. हसताय. पीएफ काढून, सोनं मोडून, बँकेचं वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन तुम्ही प्लॉट घेता आणि १५ रुपयांचा डिजिटल सातबारा काढत नाही. पालेभाजीची जुडी उलटीपालटी करून घेता आणि विक्रीपत्र न वाचता सतरा पानांवर सह्या करता. भाव पाडायला घासाघीस करता, पण "मूळ कागद दाखवा" म्हणायला लाजता, कारण समोरचा आपल्या ओळखीचा आहे, आपल्या समाजातला आहे, आईच्या गुडघ्याची चौकशी करतो. आणि रोख मोजताना तर तुमचे हात माझ्यापेक्षा जलद चालतात, मी पाहिलंय. मग नियम बदलले काय आणि नाही बदलले काय? जो माणूस नकाशा उलगडून पाहत नाही त्याला बगीचाच विकतील. मला विकला.

परवा विकणाऱ्यांकडे गेलो होतो. घरात होते, बाहेर आले नाहीत. सूनबाईंनी दारातूनच निरोप दिला की बाबा म्हणतात, सोयाबीन निघालं की पैसे देतो. मी त्यांच्या शेतीचा सातबारा काढायला टाकला आहे.