‘तंत्रज्ञान तटस्थ असतं’ : चाकूच्या दाखल्यात काय सुटतं

सगळीकडे फिरणारा दावा असा : तंत्रज्ञान तटस्थ असतं, चाकूने भाजी चिरा नाहीतर गळा, दोष वापरणाऱ्याचा. त्याच दमात आणखी दोन विधानं येतात : सरस यंत्र आपोआप टिकतं आणि यंत्र आलं की कष्ट कमी होतात.

‘दोष वापरणाऱ्याचा.’ बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या. तो साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बोटातून सोडतो आणि दोन्ही किती शोषले गेले, त्या गुणोत्तरावरून ऑक्सिजनची पातळी सांगतो. गुणोत्तराचा टक्का करायचं कोष्टक मात्र निरोगी स्वयंसेवकांच्या धमनीतल्या रक्ताशी ताडून बनवलेलं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शिकेला किमान १० स्वयंसेवक पुरत. त्यांत गडद वर्णाचे दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात काय निघालं? मीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतली खरी पातळी ८८च्या खाली असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के, गोऱ्यांत ३.६. क्लिप नीट बसवून हा फरक जात नाही.

इथे कुणाचा दुष्ट हेतू शोधायची गरजही नाही. दाव्याचे विरोधक न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ठेंगण्या पुलांची गोष्ट सांगतात : गरीब, कृष्णवर्णीय लोकांच्या बस समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून तिथली सार्वजनिक बांधकामं ठरवणारा अधिकारी रॉबर्ट मोझेसने ते मुद्दाम तसे बांधले. पण त्या पुलांखालून जाणाऱ्या पार्कवे नावाच्या रस्त्यांवर बसना मुळातच बंदी होती. हा पुरावा कच्चा आहे, वापरू नये.

‘सरस ते टिकतं.’ सरस कुणासाठी? १८७०च्या दशकातल्या सायकलींचं पेडल थेट पुढच्या चाकाला असे, म्हणून वेग हवा तर चाक मोठं. धाडसी तरुणांना ती उंची आवडे. लांब झगा घालणाऱ्या बायकांना, वयस्कांना ती निरुपयोगी. डनलॉपचं हवेचं टायर १८८८ मध्ये आलं ते धक्के कमी करायला. शर्यतवाल्यांनी आधी त्याची टिंगल केली. त्यावर शर्यती जिंकल्या गेल्यावर तेच टायर वेगाचं साधन ठरलं. टायर तेच, निकष बदलला.

‘कष्ट कमी होतात.’ इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी अमेरिकी घरांबद्दल हे तपासलं. धुलाई यंत्राने घासण्या-पिळण्याचे श्रम वाचले, पण पूर्वी बाहेर धोबिणीकडे जाणारी धुणी घरातल्या बाईकडे परत आली आणि कपडेही जास्त वेळा धुतले जाऊ लागले. हलकी झाली ती धुण्याची एकेक फेरी. आठवड्याचे तास तसे उतरले नाहीत.