राजीनामा देऊ नका, आधी दिवस मोजा

‘चित्रकलेच्या सरांबद्दलचं सत्य’ असा एक मेसेज आठवडाभर नाशिकच्या पालक-ग्रुपांवर फिरतोय. काल मावशीनंही तो पाठवला, खाली ‘पटतंय ना?’ असं लिहून. नाही पटत.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: सर एका खाजगी शाळेत कायम सेवेत. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांवर त्यांनी नववीच्या मुलांकडून पोस्टर्स करून घेतली, ती स्नेहसंमेलनात लागली आणि पंधरा दिवसांत सेवासमाप्तीचं दोन ओळींचं पत्र हातात पडलं. मेसेज म्हणतो: संस्था खाजगी, त्यामुळे तिची मर्जी. हे विषय चित्रकलेत बसत नाहीत. चित्रं सरकारविरोधी होती. शाळेत जात कशाला आणायची? आणि शेवटी एक सल्ला: सरांनी सन्मानानं राजीनामा द्यावा, कोर्टकचेरी टाळावी, फार तर शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज करावा, बाकीच्यांनी हवं तर सह्या गोळा कराव्यात.

आधी हा सल्लाच घेऊ. दिसायला तो सगळ्यात मवाळ आहे आणि सरांचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करेल.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात. अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यताप्राप्त खाजगी शाळेला तो लागू आहे. त्याच्या कलम 9 खाली बडतर्फ झालेल्या, काढून टाकलेल्या, सेवा संपवलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. आपणहून सोडून गेलेल्याला काय करता येणार? ‘सही दबावाखाली घेतली’ हे मग त्यालाच सिद्ध करावं लागतं. राजीनामा कसा द्यायचा हेही कलम 7 मध्ये आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर टपालानं संस्थेकडे, दुसरी स्वतःजवळ. केबिनमध्ये बसवून तारीख न घालता घेतलेला कागद यात बसत नाही. पण तो वाद वर्षभर घालत बसण्यापेक्षा सहीच न करणं स्वस्त.

अपिलाची मुदत 30 दिवस, आणि ती आदेश हाती पडल्यापासून मोजतात. पत्र 5 जूनला मिळालं तर 5 जुलै. म्हणून पाकीट फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. ‘आम्ही सह्या गोळा करत होतो’ हे कारण न्यायाधिकरणापुढे कोण सांगणार? सगळ्यात जास्त लोक फसतात ते शिक्षणाधिकाऱ्यांच्या अर्जापाशी. तिथं अर्ज टाकला की घड्याळ थांबलं, असा समज असतो. थांबत नाही. बडतर्फीचा आदेश रद्द करून कामावर परत घ्यायला लावणंही त्या कार्यालयाच्या हातात नाही. अर्ज द्यायचाच तर खुशाल द्या, पण अपील दाखल करून मग. न्यायाधिकरण नाशिकलाच आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

पत्रच दिलं नाही, नुसतं ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं, तर त्याच दिवशी पोचपावतीसह टपालानं कळवायचं: मी कामावर हजर झालो, मस्टरवर सही करू दिली नाही, काम करायला तयार आहे. हे लिहिलं नाही तर महिन्याभरानं ‘सर स्वतःच यायचे बंद झाले’ अशी गोष्ट तयार होते.

कोर्टात वेळ जातो, हे मात्र मेसेजवाल्याचं खरं. तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा पडतात. पण आदेशाला स्थगिती मागता येते. आणि महाराष्ट्रातल्याच एका खाजगी शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली स्पष्ट केलंय की, बेकायदा काढलं असेल तर कामावर परत घेताना मधल्या काळाचा पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम. राजीनाम्यात यातलं काय मिळतं?

आता संस्थेची मर्जी. कायम शिक्षकाला शिक्षा म्हणून काढायचं तर चौकशी लागते, आणि याच कायद्याखालच्या 1981 च्या नियमावलीत तिची पद्धत ठरलेली आहे. आधी आरोपांचं विवरण द्यायचं, त्यावर शिक्षकाचा लेखी खुलासा घ्यायचा. मग नियम 36 प्रमाणे तिघांची समिती: एक संस्थेचा, एक शिक्षकानं नेमलेला, तोही कुठल्याही खाजगी शाळेचा कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. त्यानंतर आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी. सरांच्या बाबतीत यातलं एकही पाऊल पडलेलं नाही. पोस्टर चांगलं की वाईट हा प्रश्न फार पुढचा.

इथं एक खाचखळगा आहे. संस्था उशिरानं शहाणी होऊन चौकशी लावते, तेव्हा रागावलेला शिक्षक ‘नाटक आहे’ म्हणत आपला प्रतिनिधी देतच नाही. 15 दिवसांत नाव कळवलं नाही तर समिती दोघांचीच होते आणि काम सुरू. राग कितीही असो, नाव लेखी द्यायचं.

मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच की परिवीक्षेवरच्या, म्हणजे अजून कायम न झालेल्या, प्रोबेशनवरच्या शिक्षकाला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, काम असमाधानकारक म्हणून काढता येतं. सर कायम आहेत. त्यांना हे लागू नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीत नसावा, किंवा असावा.

चित्रकलेत असले विषय बसत नाहीत म्हणे! एलिमेंटरी-इंटरमीजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो. त्यात माणसं काढावी लागतात: बाजारातली, बसथांब्यावरची, काम करणारी. इंटरमीजिएटच्या ए ग्रेडचे दहावीला 7 गुण मिळतात म्हणून क्लास लावणारे पालकच हा मेसेज पुढे पाठवतायत. गोदाघाट जलरंगात काढला की ती कला, त्याच घाटावर पाणवेली ओढणारा माणूस काढला की तो अजेंडा.

सरकारविरोधी? माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं 2013 च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 20 ऑक्टोबर 2023 ला सांगितलं. मुलांच्या पोस्टरवर ‘माणूस नको, मशीन उतरवा’ असं लिहिलं होतं. म्हणजे सरकारनं स्वतःच केलेला कायदा पाळा, एवढंच. वर्गात पक्षाचा प्रचार चालत नाही हे मान्य, पण या पोस्टरवर कुठलं चिन्ह होतं?

जातीचा विषय नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं: काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला याच शहरात सुरू झाला. तो मुलांनी इतिहासाच्या तासाला वाचायचा आणि चित्रकलेच्या तासाला विसरायचा?

सरांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांनी मात्र एक थांबवावं. मुलांची नावं आणि तुकडी दिसेल अशी पोस्टर्स स्टेटसला टाकणं. त्या मुलांना अजून त्याच शाळेत बसायचंय. मूळ चित्रं गोळा करा. पोस्टर कलर घडीवर तडकतो, म्हणून दुमडू नका, गुंडाळा. दिवसाच्या उजेडात समोरून फोटो काढा, पोस्टरवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवा. प्रदर्शनाला परवानगी दिल्याची सूचना-वहीतली नोंद असेल तर तिची प्रत मिळवा. नियुक्तीपत्र, मान्यतेचं पत्र, पगारपत्रकं यांच्यासोबत हे सगळं वकिलाच्या टेबलावर विसाव्या दिवसाच्या आत पोचलं पाहिजे. सह्यांचा कागद एकतिसाव्या दिवशीही चालेल.