काका, तो निकाल आपल्याबद्दलच होता

डिसेंबरात पुण्याला आले की आप्पांबरोबर पहाटे हनुमान टेकडी चढते. उतरल्यावर त्यांच्या मित्रांचा कट्टा जमतो, चहा होतो आणि मी इंग्लंडात राहते म्हणून तिकडचे प्रश्न मला विचारले जातात. यंदा विषय निघाला दहशतवादाच्या आरोपींना मायदेशी पाठवण्याचा. "अगं, तुमच्या त्या युरोपातल्या कोर्टाला बॉम्ब ठेवणाऱ्यांचाच कळवळा. जे मेले त्यांचं काय?" एक काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हा त्यांची मुलगी कोरेगाव पार्कातच होती, आणि कितीतरी वेळ तिचा फोन लागत नव्हता. ती वाचली. १७ जण गेले. चहा संपेपर्यंत मला काकांना नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

काका चिडले होते ते स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयावर. जिथे छळ होण्याचा खरा धोका आहे तिथे कुणालाही पाठवायचं नाही, मग तो माणूस कितीही धोकादायक असो, असा तिथला नियम आहे. दहशतवादाच्या संशयितालाही त्यात सवलत नाही, हे ठरलं १५ नोव्हेंबर १९९६ च्या चहल निकालात. आणि काका, तो निकाल आपल्याबद्दलच होता. करमजितसिंग चहल या शीख फुटीरतावाद्याला ब्रिटन भारतात पाठवू पाहत होतं; त्यासाठी त्याला सहा वर्षं कैदेत ठेवलं होतं. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं आश्वासन भारत सरकारने दिलं. सरकारच्या हेतूवर न्यायाधीशांनी शंका घेतली नाही. पंजाब पोलिसांना ते सरकार आवरू शकेल, यावर मात्र १९ पैकी १२ जणांचा विश्वास बसला नाही. त्यांच्यापुढच्या कागदांत आपल्याच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अहवाल होते.

पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाचंही तेच झालं. १९९५ च्या डिसेंबरात तिथे विमानातून शस्त्रं टाकणारा किम डेव्ही डेन्मार्कमध्ये आजही मोकळा आहे. २०११ साली तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला, कारण इथे त्याचा छळ होईल अशी भीती. आपण डेन्मार्कशी संबंध तोडत आणले. पण ती भीती खोटी ठरेल असं काय केलं?

मला राग कळत नाही असं नाही. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये ५२ माणसं मारली गेली तेव्हा मी तिथेच होते, आणि पुढे कित्येक महिने रेल्वेच्या डब्यात कुणी पाठीवरची पिशवी खाली ठेवली की छाती धडधडायची. २०१२ साली स्ट्रासबर्गने दहशतवादाचा आरोप असलेल्या अबू कतादा या कट्टर धर्मोपदेशकाला जॉर्डनला पाठवणं अडवलं तेव्हा मीही संतापले होते. त्याचा छळ होईल असं कोर्टाचं म्हणणं नव्हतंच. इतरांना मारून घेतलेले जबाब त्याच्या खटल्यात वापरले जातील, ही हरकत होती. मग ब्रिटनने जॉर्डनशी करार केला: छळाचा गंभीर आरोप असेल तर, जबाब तसा घेतलेला नाही हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं, नाहीतर तो बाजूला ठेवायचा. जुलै २०१३ मध्ये अबू कतादा गेला. २०१४ मध्ये जॉर्डनच्याच कोर्टाने दोन्ही खटल्यांत पुरेशा पुराव्याअभावी त्याला सोडलं. त्यानंतर माझा राग हळूहळू दुसरीकडे वळला, मारून घेतलेल्या जबाबांवर भिस्त ठेवणाऱ्यांकडे.

आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हा कायदा १८७२ पासूनचा. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका कायद्याने त्यातून वाट काढून दिली: पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांचा खटला अशाच कबुल्यांवर बराचसा उभा होता. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या कबुल्या नाकारल्या, छळाचा आरोप ग्राह्य धरला आणि सर्व १२ आरोपींना सोडलं. १८० हून अधिक माणसं गेली आणि १९ वर्षांनी त्यांच्या घरच्यांच्या हाती काही उरलं नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. काय व्हायचं ते होईल, पण मारहाणीने न्याय लवकर मिळतो हे मला आता कुणी सांगू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. ती अजून पक्की केलेली नाही, कारण देशात तसा कायदा नाही. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २७३ व्या अहवालात नव्या कायद्याचा मसुदाच लिहून दिला. तो कायदा आला आणि कोठडीत खरोखर पाळला गेला, तर आरोपीला भारतात पाठवू नका म्हणणाऱ्या परदेशातल्या वकिलाचा सगळ्यात जोरदार मुद्दा आपण काढून घेऊ.

काका, टेकडीवरच्या झाडांसाठी तुम्ही खासदारांच्या कार्यालयात पत्रं देता. पुढच्या पत्रात एक ओळ वाढवा: २७३ व्या अहवालातलं विधेयक लोकसभेत कधी येणार?